मंगळवारची जनता

देवाच्या अंगणातलं पाणी सर्वांचं असतं. हे वाक्य धर्मसंस्थेच्या घटनेत पहिल्याच पानावर आहे आणि त्याच्याच जोरावर तिच्या शाळेला कर माफ आहे. म्हणून शाळेचा गरम पाण्याचा पोहण्याचा तलाव दर मंगळवारी दुपारी दोन ते तीन जनतेसाठी खुला असतो. तशी पाटीही आहे. फाटकाच्या आतल्या बाजूला.

तीन वर्षांत जनता आली नाही. या मंगळवारी आली. सत्तरीच्या आजी होत्या, काखेत मळक्या टॉवेलांचं गाठोडं होतं. गाठोडं घेऊन फाटकाबाहेर पडताना त्यांनी पाटी वाचली आणि तशाच मागे वळल्या. तीस वर्षं त्या शाळेचे टॉवेल धूत होत्या. ते ओले कुठे होतात, हे त्यांनी आज पहिल्यांदा पाहिलं.

"डॉक्टर म्हणाले, पाण्यात चाला, नाहीतर गुडघे गेले समजा," त्या पोहण्याच्या शिक्षिकेला म्हणाल्या. "आता मी चालू कशात? घरी बादली आहे."

शिक्षिकेला नियमावली आठवली. मग तिने ती विसरायचं ठरवलं. स्वतःची टोपी काढून आजींच्या पांढऱ्या अंबाड्यावर चढवली आणि हात धरून त्यांना एकेक पायरी उतरवलं.

"बुडले तर?"

"छातीएवढं पाणी आहे, आजी. बुडायलाही कष्ट पडतील."

"कष्टांचं मला नका सांगू."

तेवढ्यात मुख्याध्यापक करखात्याच्या साहेबांना घेऊन आले. करमाफीची मुदत वाढवावी का, ते साहेबांना पाहायचं होतं. तलावात माणूस पाहून मुख्याध्यापक दचकले, पण लगेच सावरले.

"ही जनता," ते म्हणाले.

"एवढीच?"

"आज जरा कमी आहे."

शिक्षिकेने आजींच्या मानेखाली तळहात धरला होता. आजींचे पाय हळूहळू वर आले. त्यांनी डोळे मिटले.

"बाई," त्या कुजबुजल्या, "गुडघे आहेत की नाहीत, कळेनाच."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं आणि सही केली. पाच वर्षं.

ते गेल्यावर मुख्याध्यापकांनी तलावाच्या दारातूनच शिपायाला हाक मारली. "ती पाटी काढून जपून ठेव रे. पाच वर्षांनी लागेल."

आजींनी ते ऐकलं. पायऱ्या चढून वर आल्यावर टोपी काढून त्यांनी शिक्षिकेपुढे धरली.

"राहू द्या तुमच्याकडेच," शिक्षिका म्हणाली. "पुढच्या मंगळवारी, दोनला."

"पाटी काढतायत ना?"

"पाटी जनतेसाठी होती. तुम्ही या."

तिने आजींच्या खांद्यांवर कोरडा टॉवेल टाकला. आजींनी तोंड पुसलं, हात पुसले, गुडघे जरा जास्तच वेळ पुसले. मग टॉवेल गाठोड्यात टाकला.

उद्या तो त्यांनाच धुवायचा होता.