विहिरीतला दिवा

वऱ्हाडचा कारभार नागपूरहून चाले, त्या काळी पिंपळगाव राजाचा इंद्रभान दूर समुद्रातल्या एका उघड्या खडकावर दीपगृहाचा दिवा लावायला होता. सोबतीला फक्त पांढरे समुद्रपक्षी. पुढे सरकारनं तो दिवा बंद केला, आणि दाराला कुलूप घालून इंद्रभान गावी परतला. बेटावर आता माणूस उरला नव्हता.

एका दुपारी मळ्यातल्या विहिरीत त्यानं बादली सोडली आणि खाली पाहिलं. पाण्यात त्याचं तोंड नव्हतं. तिथे पांढरा मनोरा उभा होता, भोवती पक्षी घिरट्या घालत होते. त्यानं मान वर केली. आभाळ रिकामं होतं.

बायको मिरचीच्या वाफ्यात होती. त्यानं हाक मारली, "सत्यभामे, इकडं ये. पाह्य बरं, तुले काय दिसते?"

ती काठावर वाकली. "मोठा खांब हाय. अन् वरतं दिवा पेटून राह्यला."

"मी तं कुलूप लावून आलो. मंग दिवा कोनं पेटवला?"

विहिरीतून उजेड फिरत वर आला आणि तिच्या चेहऱ्यावरून सरकला. तो परतल्यापासून ती पहिल्यांदाच हसली.

इतक्यात त्याच्या हातातला दोर जड झाला. खालून कुणीतरी चढत होतं. ओढावा की सोडावा, त्याला काही सुचेना.

सत्यभामेनं त्याच्याकडे पाहिलं, आणि परक्या माणसापुढे ओढावा तसा लगबगीनं पदर ओढला.

"भाऊ, दोर पक्का धरा," ती म्हणाली. "आमचे मालक वर येऊन राह्यले."