सुनेची किल्ली

गिरणीतून दळण आणायला निघालेल्या सुधाकररावांनी घाईत सुनेची किल्ली उचलली. गाडी किल्ली ओळखायची, माणूस नाही. ते बसताच सीट पुढे सरकली आणि त्यांचे गुडघे स्टिअरिंगवर आपटले. ते उतरणार, तोच पट्टा पोटाखाली सरकून सैलसर बसला.

"आज मळमळ कमी आहे ना, ऋजुता?" गाडीने हळूच विचारलं. "खड्ड्यांचा रस्ता टाळते."

सुधाकरराव बसूनच राहिले. मागच्या खेपेला तीन महिने व्हायच्या आधीच त्यांनी सोसायटीभर पेढे वाटले होते. आठवड्याभरात सगळं संपलं. मग भेटेल तो ऋजुताला विचारत राहिला.

ते परतले तेव्हा ऋजुता दारातच होती. त्यांच्या हातातली किल्ली पाहून तिचा चेहरा उतरला.

"बाबा, गाडी काही बोलली का?"

"छे! गुडघे तेवढे शेकून निघाले."

तिने दळणाचा डबा घ्यायला हात पुढे केला. त्यांनी तो चटकन आपल्याकडे ओढला.

"राहू दे. जड आहे," ते म्हणाले. "आणि हे बघ, तीन महिने होईपर्यंत मला काहीही कळलेलं नाही."