पत्ता लपवणे

“खुलताबादच्या शाळेत माझ्या नवऱ्यानं क्लार्कची बोटं ड्रॉवरमध्ये चेचली,” सत्यभामा म्हणाली. “आमचा पत्ता हातात पडंस्तोवर ड्रॉवर दाबून धरला. मग टँकरच्या रांगंत मला गाठलं अन् माझाच हंडा माझ्या डोक्यात घातला.”

तिने पदर मागे सारला. कपाळापासून कानापर्यंत टाके होते आणि कानाची पाळी अर्धी तुटलेली होती. संध्याने नकळत आपली बोटं मुठीत घेतली. पडेगावच्या या नव्या शाळेत क्लार्क तीच होती.

“पोलिसांत गेला नाहीत?”

“जामिनावर सुटला. बाहेर लई गोड बोलतो, मॅडम. पुढच्या बारीला पोरीला जिती सोडणार नाय म्हणलाय. म्हणून तिचं नाव बदलून इथं घातलीय. पण पत्ता कुणाला दिसू देऊ नका.”

“त्याचं नाव काय?”

“ते तोंडात नको माझ्या.”

संध्याने आग्रह धरला नाही. सत्यभामा लेकीला वर्गात सोडायला गेली.

दुष्काळ गावं रिकामी करत होता आणि शहर फुगत होतं. शाळा वाढल्या, आणि झाडून सगळ्यांनी एकच सॉफ्टवेअर घेतलं. साध्या शब्दाशी त्याचं काय वैर होतं कोण जाणे. पालकाला ते ‘हितसंबंधी’ म्हणे, पत्त्याला ‘निवास घटक’. ‘मुक्त करा’ म्हणजे काढून टाका की सगळ्यांना दाखवा, हे देवालाच ठाऊक.

संध्याने सॉफ्टवेअरच्या मदत विभागात ‘पत्ता लपवणे’ शोधलं. उत्तर आलं: शाळेचं बोधचिन्ह लपवा. पुन्हा शोधलं. उत्तर आलं: पत्ता सर्वांना पाठवा. तिचं डोकंच फिरलं. इथे एका पोरीचा जीव टांगणीला लागलाय आणि हा ठोंब्या बोधचिन्हं लपवतोय. शेवटी तिने सरळ लिहिलं: वडिलांपासून मुलीचा पत्ता लपवणे.

उत्तर आलंच नाही. ऑफिसचा फोन मात्र वाजला.

“मॅडम, सॉफ्टवेअरच्या मदत कक्षातून हिमांशू बोलतोय. वडिलांपासून पत्ता लपवायचाय ना? हे शब्द कुणी शोधले की मला इथं दिसतात.”

संध्याला हायसं वाटलं. आजवर त्या कक्षातून कुणी आपणहून फोन केला नव्हता.

“कोणती विद्यार्थिनी?”

“चौथीतली स्वरदा.”

“आईचं नाव?”

“सत्यभामा.”

त्याने वाचून दाखवलं. “मिटमिट्याचा पत्ता, पाण्याच्या टाकीमागचा. बरोबर?”

“हो. लवकर करा हो. तो माणूस जीव घेईल त्यांचा.”

“कळतंय मला.”

पलीकडे कीबोर्ड वाजला. पडद्यावरचा पत्ता गेला, त्या जागी फुल्या आल्या. संध्याचे डोळे भरून आले.

“उपकार झाले तुमचे,” ती म्हणाली.

“माझं कामच आहे ते. आता पत्ता तुम्हालासुद्धा दिसणार नाही.” हिमांशूचा आवाज फार मृदू होता. “स्वरदा. नाव छान आहे. मी मृण्मयी ठेवलं होतं.”