जिन्याखालची चक्की

चक्कीतून पुन्हा फडकंच निघालं. प्लंबर ग्वेनोलेने आकड्याने ओढून ते बादलीत टाकलं आणि नादीनने कपाळाला हात लावला. निळ्या काठाचं, भांडी पुसायचं फडकं. काल संध्याकाळी तिनेच ते घडी घालून ओट्यावर ठेवलं होतं.

तिची आई सोआझिग भिंतीला धरून उभी होती. हे आत गेलं कसं, असं नादीनने विचारलं. काय माहीत, एवढंच म्हातारी म्हणाली, आणि वर लेकीलाच हुसकलं, जा तू स्वयंपाकघरात, घरभर वास नको. बोळाचं दार तिने आतून लोटून घेतलं. प्लंबरशेजारी बसायला तिचं स्टूल तिथे होतंच.

ऐंशीच्या आईला जिना चढवेना, म्हणून दोन वर्षांपूर्वी जिन्याखालच्या कोनाड्यात हा संडास बसवला. मैल्याची मोठी नळी तिथून लांब. म्हणून भांड्यामागे एक पेटी होती. पेटीत पाती फिरायची, आलेलं सगळं दळायची, आणि पंप ते बारीक नळीतून वर ढकलायचा. घरात सगळे तिला चक्कीच म्हणत. नादीनच्या नवऱ्याला, रेजिसला, स्वस्तातली चालली असती. पण तिने रेन शहरातली सगळी दुकानं पालथी घातली आणि कमीत कमी आवाजाची निवडली. आपण आत गेलो की घरभर दवंडी पिटते, असं आईला वाटू नये. दर महिन्याला क्षार काढायचं औषधही ती स्वतः ओतायची. भिंतीवर ठळक अक्षरांत पाटी लावली होती, की कागदाशिवाय काहीही टाकू नये.

दोन वर्षं चक्की सुरळीत चालली. मग या महिन्यात एकदा कापूस अडकला. त्यानंतर हे तिसरं फडकं.

नादीनला काही म्हणजे काही उमगेना. जन्मभर घर लखलखीत ठेवणारी बाई संडासात फडकी टाकते? विसरते म्हणावं, तर डॉक्टरांनी शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं तेव्हा आई धडाधड दोनपर्यंत खाली आली आणि डॉक्टरच मधे अडखळले. रेजिसचं मात्र ठरलं होतं. आज फडकं टाकतेय, उद्या गॅस चालू ठेवून झोपेल, असं तो म्हणाला. वृद्धाश्रमात एक खोली रिकामी झाली होती आणि उद्या दुपारपर्यंत होकार कळवायचा होता. अर्ज भरून टेबलावर पडला होता. सही तेवढी राहिली होती.

आधीच्या तिन्ही वेळी नादीन शाळेत शिकवायला गेलेली होती. आईने स्वतःच फोन करून प्लंबरला बोलावलं होतं. आज हा काय घोळ आहे तो बघायचाच, म्हणून नादीनने रजा काढली होती. तिने पेन उचललं आणि तेवढ्यात बोळातून आवाज आला.

कोणीतरी बाई बोलत होती. भरभरून, न थांबता. मधेच खो-खो हसली, परत सुरू झाली. घरात बाई दुसरी कोण? नादीन दाराशी गेली. आवाज आईचा होता. पण आई अशी बोलत नाही. आई अबोल, मोजून चार शब्द बोलणारी, हे अख्ख्या घराला ठाऊक होतं. आणि या चाललेल्या बोलण्यातला एकही शब्द नादीनला कळत नव्हता. खरंच डोकं गेलं की काय हिचं?

मग ग्वेनोले तसल्याच शब्दांत काहीतरी म्हणाला आणि आई पुन्हा हसली. थोड्या वेळाने ती एकदम आवाज खाली आणून काहीतरी पुटपुटली. ग्वेनोले गाडीतून वायसर आणायला बाहेर निघाला. नादीनने त्याला पायरीवरच गाठलं.

तो ओशाळला. बाई, ब्रेतोन भाषा आहे ती, म्हणाला, आपली गावाकडची. आजीकडून शिकलो. पहिल्या खेपेला माझं बोट पात्यावर कापलं आणि त्या भाषेतली शिवी तोंडातून गेली. तर तुमच्या आईंनी तिच्यापेक्षा सणसणीत शिवी मला परत दिली. तेव्हापासून इथे काही ना काही अडकतं आणि माझी ये-जा चालू आहे.

आईला ती भाषा येते एवढं नादीनला ऐकून माहीत होतं. लहानपणी शाळेत फ्रेंच सोडून ही भाषा बोलली म्हणून गुरुजींनी आईच्या गळ्यात लाकडी खडाव अडकवून दिवसभर उभं केलं होतं, हेही माहीत होतं. पण आईच्या तोंडून तिने ती कधी ऐकली नव्हती.

"आत्ता शेवटी हळूच काय म्हणाली?" तिने विचारलं.

ग्वेनोलेने मान खाली घातली. "म्हणाल्या, हळू बोल, पोरगी घरात आहे. तिच्या गळ्यात कोणी खडाव अडकवू नये म्हणून बावन्न वर्षं मी तोंड शिवून बसलेय. आता शेवटी-शेवटी तिच्या कानावर नको पडायला."

डोळ्यांतलं पाणी नादीनने बाहीला पुसलं. मग ग्वेनोलेला आत पाठवलं, त्याच्या मागून स्वतः आत आली, आणि बोळाच्या दाराशी उभी राहून मोठ्याने म्हणाली, "आई, मी बाजारात चाललेय गं. यायला दोन तास लागतील."

तिने पुढचं दार उघडलं, धाडकन लावलं, आणि बूट हातात घेऊन आतच जिन्याच्या पायरीवर बसली.