दिगूची बाटली

चपला दाराबाहेर काढून सखूबाईंनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. दिगूच्या वाढदिवशी त्या दरवर्षी प्रयोगशाळेत येत. सहा वर्षांचा दिगू हृदयविकारानं गेला. त्याच्या रक्तातून घडवलेल्या मूलपेशींपासून डॉक्टर अनघानं हृदयाच्या पेशी वाढवल्या होत्या.

“ताई, धडधडतंय की अजून!”

अनघाच्या कोटाच्या खिशात सकाळीच आलेला अहवाल होता. शोधनिबंध छापण्याआधी पेशी नेमक्या कुणाच्या, हे तपासणं नव्या नियमांनी सक्तीचं केलं होतं. या पेशी दिगूच्या नव्हत्याच. अनघाच्या स्वतःच्या होत्या. तुलनेला निरोगी पेशी हव्यात म्हणून तिनं आपलंही रक्त दिलं होतं. एका वेळी एकच बाटली उघडायची, हा साधा दंडक मोडून तिनं घाईत दोन्ही उघडल्या आणि चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली.

“तेवढाच उरलाय बघा माझा दिगू,” सखूबाईंनी पदरानं डोळे टिपले.

अनघानं अहवाल खिशात आणखी खोल सारला. ‘अनघा’ अशी चिठ्ठी लावलेल्या सगळ्या बाटल्या, उगाच जागा अडवतात म्हणून, गेल्या वर्षी तिनंच भट्टीत टाकल्या होत्या.