हळू जाऊ द्या

अतिदक्षता विभागाबाहेरच्या स्क्रीनवर प्रत्येक रुग्णाचं कार्ड असायचं. ती स्क्रीन एका इंजिनिअरने बनवली होती. रुग्ण वॉर्डात गेला की कार्ड उजवीकडे सरकायचं. रुग्ण दगावला, तर झटकन नाहीसं व्हायचं. “नातेवाइकांच्या काळजात धस्स होतं हो. जरा हळू जाऊ द्या,” मेट्रन म्हणाल्या. मग त्याने युक्ती केली. नाव यादीतून आधीच काढायचं, कार्ड मात्र सावकाश विरेपर्यंत पडद्यावर धरून ठेवायचं. आज स्क्रीनसमोरच्या बाकावर तोच बसला होता, शेजारी थोरली बहीण. “अरे, आईचं कार्ड पुसट झालंय. तुझी स्क्रीन बिघडली की काय?” तो कार्डाकडेच बघत राहिला. “बोल की, इंजिनिअरसाहेब.” “बिघडली नाही, ताई.” “मग बरं. दिसतेय अजून आई.” यादीतून गेलेली आई ताईसाठी अजून पडद्यावर होती. हे विरणं आणखी लांबवायला हवं होतं, त्याला वाटलं.