दहापैकी दोन

खांद्याच्या ऑपरेशनला सहा महिने होऊन गेले होते. "आता खांद्याला दहापैकी किती गुण द्याल, आजी?" फिलिपिन्समधल्या इलोइलो शहरातल्या डॉक्टरांनी विचारलं.

"दोन," पुरिताआजी कण्हल्या. "केस विंचरता येत नाहीत, की फळीवरचा डबा काढता येत नाही."

शेजारी त्यांचे नवरे क्रिस्पुलोआजोबा बसले होते. भात रांधून आणि धुणी धुऊन त्यांचा पिट्टा पडला होता.

डॉक्टर हिरमुसले. "ऑपरेशनआधीही दोनच होते! आजोबा, तुम्हाला तरी काही फरक वाटतो?"

आजोबांनी डोक्यामागचं टेंगूळ चाचपलं.



"वाटतो की! आधी हिची चप्पल उंबऱ्यातच पडायची. काल मी कोंबड्यांच्या झुंजीला सटकत होतो, तर रस्ता ओलांडून डोक्यात बसली!"